परत बोलावलेल्या चौदा गिटारी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकशे बारा गिटारी घडवल्या. दुरुस्त किती केल्या त्याला गणती नाही. पण आमच्या भागात त्यांचं नाव झालं ते घडवलेल्या गिटारींमुळे नव्हे, परत बोलावलेल्या चौदांमुळे. तो सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला, थोडाफार माझ्या हातूनही, म्हणून सांगते.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा गिटार म्हणजे सहा तारा आणि एक भोक, एवढंच मला ठाऊक होतं. घर वरच्या मजल्यावर, खाली रस्त्याला लागून कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. पूर्वी तिथे सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर तेलाचे डाग तसेच होते आणि छताला सायकली टांगायचे आकडे. त्या आकड्यांना आता गिटारी लटकत, कुणाला पोट नाही, कुणाला मान नाही, अशा अवस्थेत. पहिल्या दिवशी मी कौतुकाने एका फळीवरून हात फिरवायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, “आधी हात धुऊन ये. मग पुसून ये. आणि मग लांबूनच बघ.”

त्या खुर्च्या करणाऱ्या सुताराची मुलगी. वडिलांना मुलगा नव्हता, त्यामुळे रंधा आणि पटाशी त्यांच्या हातात लहानपणीच आली. सासरे संध्याकाळी एका हॉटेलात गिटार वाजवत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ऐन वाजवता वाजवता त्यांच्या गिटारीची घोडी उखडली. घोडी म्हणजे पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोकं अडकवलेली असतात. शहरात गिटारी विकणारं एक दुकान होतं, पण दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. सासूबाईंना त्याचा राग आला. खुर्चीचा पाय निघाला तर कुणी खुर्ची फेकत नाही, मग ही का फेकायची? त्यांनी फर्निचरला लावतात तो पांढरा डिंक लावून घोडी घट्ट बसवली. चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी निघाली ती खालच्या लाकडाचा सालटा सोबत घेऊनच.

त्या सालट्याकडे बघून आपल्याला काय कळलं ते त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलं. खुर्चीचा सांधा कधीच उघडू नये म्हणून जोडायचा असतो. वाद्याचा सांधा मात्र एक दिवस उघडावा लागणार हे धरूनच जोडायचा असतो. तारा रात्रंदिवस ओढत असतात, लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं, वीस-पंचवीस वर्षांनी कुणाला तरी ते पोट उघडायची वेळ येतेच. तेव्हा त्या माणसाला शिव्या घालायची पाळी येऊ नये, इतकं तरी आपण बघावं.

मग त्यांनी भंगारवाल्याकडून एक मोडकी जुनी गिटार आणली आणि किटलीच्या वाफेवर एकेक सांधा सोडवत ती पूर्ण सुटी केली. प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीने काढली. तबलीच्या, म्हणजे पोटाच्या वरच्या पातळ फळीच्या, आतल्या बाजूला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांना त्या फासळ्या म्हणत. एकेका फासळीची उंची त्यांनी टोकाला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला मोजून ठेवली. ती गिटार सरसाने जोडलेली होती. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून करतात तो जुना डिंक. तो पाण्यात भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावा लागतो, आणि वास असा की शेजारी विचारायला येतात. सासऱ्यांनी एकदा सूप समजून झाकण काढलं होतं. पण ऊब दिली की सरस मुकाट्याने सोडतो, आणि थंड झाला की दगडासारखा धरतो. “नाव उगाच नाही पडलं,” सासूबाई म्हणत. “सरस तो सरसच.”

असं मोडत-जोडत त्या शिकल्या. कुणी गुरू नाही. वर्षाला दोन-तीन नव्या गिटारी, बाकी दुरुस्ती. त्यांच्या कामाला घाई माहीत नव्हती. लाकूड आणलं की ते काढून ठेवायचं वरच्या फळीवर, प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये बारीक काड्या घालून, वारा खेळावा म्हणून. दर महिन्याला तो तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर यायचा. कणीक मोजायची त्याच काट्यावर देवदाराच्या फळ्या. वजन पेन्सिलीने लाकडावरच लिहायच्या. महिन्यामागून महिना आकडा उतरत जायचा. मग एके दिवशी थांबायचा. तो सलग चार महिने हलला नाही की सासूबाई म्हणत, आता याचं पाणी संपलं, आता हे खोटं बोलणार नाही. एकेका तुकड्यावर दोन-दोन वर्षांचे आकडे असत.

मी एका औषधाच्या दुकानात कामाला होते. सकाळी जायचे, दुपारी चारला परत. सासूबाईंशी माझं भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. त्या खाली, मी वर. जेवताना त्या कमी बोलत आणि मी त्यांना घाबरून गप्प बसे. माझे यजमान सांगत, आईला लाकडाशी बोलायची सवय आहे, लाकूड उलट विचारत नाही.

माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका कारखान्यात आल्या होत्या. त्यांना मुलांसाठी लहान आकाराच्या चौदा गिटारी हव्या होत्या, सात महिन्यांत. एवढं मोठं काम सासूबाईंकडे कधीच आलं नव्हतं. फळीवर वाळलेलं लाकूड होतं चार गिटारींपुरतं, आणि तेही दुसऱ्यांना कबूल केलेलं. वखारवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, हे लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे, बिनधास्त घ्या. सासूबाईंनी घेतलं. आणल्या दिवशी एकदा वजन केलं, लिहिलं, आणि पुन्हा केलं नाही. त्यात हिवाळा आला. थंडीत सरस लावता लावता गोठतो. तो लावायच्या आधी दोन्ही लाकडं गरम करून घ्यावी लागतात, एका सांध्याला अर्धा दिवस जातो. तेव्हा त्यांनी कधी नव्हे तो पांढरा डिंक वापरला. चौदाही गिटारी वेळेत गेल्या. शाळेत छोटा कार्यक्रम झाला, सासूबाईंना पुष्पगुच्छ मिळाला. शाळेने त्या गिटारी मुलांना घरी वापरायला देऊन टाकल्या.

त्यानंतरचा दुसरा हिवाळा फार कोरडा गेला. घराघरांत दिवसभर हीटर चालू. एका शनिवारी मी सासूबाईंना चहा द्यायला खाली गेले होते, तेवढ्यात एक बाई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात त्या चौदांतली एक गिटार होती. तबलीवर भोकापासून खालच्या कडेपर्यंत उभा तडा गेला होता, त्यातून नाणं आत टाकता आलं असतं. घोडीच्या पुढे पोट खोलगट बसलं होतं. त्या बाई सांगत होत्या की मुलीला वस्तूंची किंमत नाही, नक्की कुठेतरी आपटली असणार, आठवडाभर विचारतोय तरी कबूल करत नाही. मुलगी खाली बघत म्हणाली की ती कपाटातच होती, आपोआप फाटकन आवाज आला.

सासूबाईंनी गिटार घेतली, खिडकीपाशी नेली, तड्याच्या कडा बोटाने चाचपल्या. आपटलेल्या लाकडाचा तडा वेडावाकडा जातो, त्याला चोच येते. हा सरळ रेषेत, लाकडाच्या धाग्याने गेला होता. त्यांनी गिटार टेबलावर ठेवली आणि वरच्या फळीमागून एक हातभर उरलेला तुकडा काढला. त्याच फळीचा, त्याच वखारीचा. त्यावर एकच आकडा होता. मला म्हणाल्या, वरून काटा घेऊन ये. मी आणला. तुकडा ठेवला. लिहिलेल्या आकड्यापेक्षा वजन जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी भरलं. म्हणजे गिटारी केल्या तेव्हा त्या लाकडात तेवढं पाणी होतं.

सासूबाईंनी तो तुकडा काट्यावरून उचलला. मग त्या मुलीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि तिच्या आईला म्हणाल्या, “हिची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी ओलं लाकूड वापरलं.”

मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिच्या आई एवढंच म्हणाल्या की मग दुरुस्त करून द्या. सासूबाई म्हणाल्या, देते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की त्या चौदाही गिटारी परत बोलावणार. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी समजावलं की एकीला तडा गेला म्हणून बाकीच्यांना जाईलच असं नाही, मुलं गिटार हीटरला टेकवून ठेवतात त्याला आपण काय करणार, आणि कुणी तक्रार केलेली नसताना आपण होऊन दवंडी पिटायची गरज काय. सासूबाई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सगळ्या एकाच लाकडाच्या आहेत. आज ना उद्या फुटणार. आणि घरोघरी कुणीतरी मान खाली घालून उभं राहणार.”

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या आणि मलाही सोबत नेलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या, पण ऐकून त्यांचा चेहरा पडला. बाकीच्या छान वाजताहेत, त्या म्हणाल्या, पालकांना सांगितलं तर शाळेवर बोल येईल, आणि तुमचं तर नावच जाईल. जी बिघडेल ती गुपचूप दुरुस्त करून द्या की. सासूबाईंनी पत्ते मागितले. मुख्याध्यापिकांनी आढेवेढे घेतले. सासूबाई त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. आवाज नाही, वाद नाही. दोन वर्ग सुटले, घंटा दोनदा झाली, तरी बसलेल्याच. अखेर बाईंनी हात टेकले आणि वही पुढे सरकवली. पत्ते मी उतरवून घेतले.

आता मला कळलं मला का नेलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. परत आल्यावर त्यांनी सांगितलं आणि मी चौदा वेळा लिहिलं: तुमच्या घरी असलेली गिटार मी घाईत, न वाळलेल्या लाकडाची केली. ती फुटेल. फुटली तर वाजवणाऱ्याचा दोष नाही. आणून द्या, मी नीट करून देईन, त्याचे काही पैसे पडणार नाहीत. तोवर तारा सैल करून ठेवा. हीटरपासून, खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला, नीट पिळलेला स्पंज घाला आणि ती डबी गिटारीच्या पेटीत ठेवून द्या.

पत्रं गेली आणि बोलणाऱ्यांची सोय झाली. गिटारी विकणाऱ्या दुकानदाराने म्हणे काऊंटरवर कुणाचं तरी पत्र ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. दोघा गिऱ्हाइकांनी नव्या गिटारीचं काम काढून घेतलं. माझे यजमान वैतागले, की तीस वर्षांची पुण्याई एका पत्रात धुऊन निघाली. सासूबाई त्यांना एकच बोलल्या, “धुऊन निघाली तर बरंच. ओलं काय आणि कोरडं काय, ते तरी दिसेल.” आणि त्या खाली गेल्या. काम संपेपर्यंत नवी गिटार करायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एकेक करत तेरा गिटारी आल्या. पाच फुटलेल्या, चार पोट बसलेल्या, बाकी वरवर धडधाकट. आणि इथे त्या पांढऱ्या डिंकाने नाकी नऊ आणले. सरसाचा सांधा दहा मिनिटांच्या वाफेत सुटला असता. हा सुटेना. सासूबाई केकवर क्रीम लावायची पातळ सुरी गरम करत, ती सांध्यात केसभर सरकवत, थांबत, पुन्हा गरम करत. जोर लावला की लाकूडच चिरतं. एक पोट उघडायला तीन-तीन दिवस. “सरस ऐकतो,” त्या पुटपुटत. “हा माझ्यासारखा आहे. ऐकतच नाही.” त्यांनी स्वतःवर केलेला विनोद मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

माझा प्रवेश त्या कामात झाला तो एका सिरिंजमुळे. बारीक तड्यांच्या आत सरस जात नव्हता, ब्रशने वरच पसरायचा. मी सहज म्हटलं की आमच्या दुकानात जाड सुईच्या सिरिंजा मिळतात. दुसऱ्या दिवशी मी सिरिंजा आणल्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसाही. भोकातून आरसा आत घालून विजेरी मारली की पोटाचा कोपरान् कोपरा दिसायचा. इतकी वर्षं त्या हे सगळं बोटांच्या टोकांनी चाचपून करत होत्या. “हात धुतलेस का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग ये. विजेरी धर.”

तेव्हापासून चारनंतर मी खालीच असे. तडा कसा भरायचा ते मी तिथे शिकले. लोकांना वाटतं की डिंक ओतायचा आणि दाबायचं. तसं नाही. लाकूड आकसलंय म्हणून तडा उघडलाय. तेव्हा आधी गिटार ओल्या स्पंजासोबत बंद पेटीत आठ-दहा दिवस ठेवायची. लाकूड हळूहळू हवेतलं पाणी पितं आणि तडा आपला आपण मिटत जातो. केसाएवढा राहिला की मग सिरिंजने पातळ, गरम सरस सोडायचा. खालून बोटाने तबली किंचित वर-खाली हलवायची म्हणजे तो आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी आतून, तड्यावर, नखाएवढे पातळ चौकोनी तुकडे चिकटवायचे. पण त्यांचा धागा तबलीच्या धाग्याला आडवा हवा, नाहीतर तोच तडा तुकड्यातूनही पुढे जातो. आत हात पोचत नाही तिथे लोहचुंबकाची जोडी वापरायची. एक आत, एक बाहेर, मध्ये मेणकागद. ही त्यांची स्वतःची युक्ती, एका जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेल्या चुंबकांची.

पण नुसते तडे भरून भागणार नव्हतं. लाकूड आता वाळून आपल्या जागी बसलं होतं. त्यामुळे माना थोड्या पुढे झुकल्या होत्या आणि बोटांखालच्या धातूच्या पट्ट्या, फ्रेट म्हणतात त्या, वरखाली झाल्या होत्या. सासूबाई सगळ्या फ्रेटच्या डोक्यांवर काळं मार्कर फिरवत आणि सपाट कानस एकदाच हलक्या हाताने ओढत. जिथलं काळं गेलं ती फ्रेट उंच. जिथलं राहिलं ती ठेंगणी. सगळ्यांवरचं काळं सारखंच जाईपर्यंत कानस चालायची, आणि मग प्रत्येकीचं डोकं पुन्हा गोल करायचं. त्यांनी मला एक गिटार त्यासाठी दिली. माझ्या हातून तीन फ्रेट जास्त घासल्या गेल्या. मला रडू यायचं बाकी होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिन्ही उपटून नव्या दिल्या आणि पुन्हा करायला लावलं.

दोन गिटारींच्या तबल्या वाचण्यासारख्या नव्हत्या. त्यांना त्यांनी स्वतःच्या फळीवरची, दुसऱ्याला कबूल केलेली, दोन वर्षांच्या आकड्यांची देवदाराची जोडी दिली. ज्याला ती कबूल केली होती त्या वादकाला जाऊन त्यांनी कारण सांगितलं. तो म्हणाला, मी थांबतो.

या सगळ्याला एक वर्ष आणि आठ महिने लागले. तेरा गिटारी घरोघरी परत गेल्या. चौदावी आलीच नाही. तिच्यासाठी पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर नव्हतं. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बेकरीचा होता. सासूबाई म्हणाल्या, चल. सिरिंज, आरसा आणि सरसाची बरणी पिशवीत घालून आम्ही निघालो.

बेकरीवाला धिप्पाड माणूस, कोपरापर्यंत पीठ माखलेला. आम्ही कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, “पत्रं मिळाली. दोन्ही.” एवढंच बोलून त्याने पावांचा ट्रे बाहेर ओढला. गिटार त्याच्या मुलीची. ती शिकायला दुसरीकडे गेली, जाताना बापाकडे ठेवून गेली. तो रोज सकाळची भट्टी उरकली की तासभर वाजवायचा. त्याचं म्हणणं होतं की त्याची गिटार फुटलेली नाही आणि फुटणारही नाही, आणि नेली तर परत येताना ती तीच राहणार नाही. शेवटचं वाक्य बोलताना तो सासूबाईंच्या हातांकडे बघत होता.

त्यांनी गिटार नुसती ऐकवायची विनंती केली. जरा वेळाने त्याने ती आणली, हात पुसले आणि एक साधीशी चाल वाजवली. मला फारसं कळत नाही, पण त्या खोलीतली हवाच बदलली. लहान मुलांच्या मापाची गिटार, पण खालचे सूर असे भरदार येत होते आणि वरचे असे सुटे, की भट्टीपाशी उभी असलेली बाई काम थांबवून ऐकू लागली. सासूबाईंनी त्याला पुन्हा वाजवायला सांगितलं आणि वाजत असताना गिटारीच्या पाठीवर तळवा ठेवला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“ठेवता कुठे हिला?” त्यांनी विचारलं.

तो आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. पिठाची कोठी. बाराही महिने तिथली हवा एकसारखी ठेवावी लागते. जास्त दमट झाली तर पिठाला बुरशी धरते. जाड भिंती, हीटर नाही, ऊन नाही. पोत्यांच्या मागे एका खिळ्याला त्याने गिटार टांगायची जागा केली होती. त्या कोठीत ते ओलं लाकूड इतकं सावकाश वाळलं होतं की त्याला फुटायचं कारणच पडलं नाही.

मग आरसा आणि विजेरी निघाली. मी विजेरी धरली, सासूबाई बघत होत्या. एका फासळीचं टोक नखाच्या जाडीएवढं सुटलं होतं, बाकी सगळं ठाकठीक. तबलीच्या कडा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिल्या, पुन्हा पुन्हा. मग जाडी मोजायचा चिमटा भोकातून आत घालून पोचेल तिथे मोजलं. कडांना तबली नेहमीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने पातळ होती. त्या वर्षीच्या घाईत रंधा जास्त चालला होता. तो पातळपणाच आता बोलत होता.

बेकरीवाल्याने घसा खाकरून विचारलं, “नेणार का?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “हिला मी हात लावला तर बिघडवीन. एवढं एक टोक चिकटवू द्या. इथेच.”

त्याने भट्टीवर पाणी गरम करून दिलं. पिठाच्या पोत्यावर बसून त्यांनी ते टोक सिरिंजने चिकटवलं. आतून टेकू द्यायला काही मिळेना, तेव्हा मापाची एक काडी तासून बसवली. सरस धरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. त्याने गरम पाव आणि लोणी दिलं. मुलीच्या गोष्टी सांगितल्या. तिचा फोन आला की तो बोलण्याआधी दोन मिनिटं गिटार वाजवून दाखवतो, म्हणजे तिला कळतं की घरी सगळं ठीक आहे. निघताना सासूबाईंनी त्याला बजावलं की तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक काढा आणि एकेक लावा, म्हणजे मानेवरचा ताण अचानक जात नाही. आणि काहीही झालं तरी हिला भट्टीच्या खोलीत टांगू नका.

परत येताना बसमध्ये सासूबाई म्हणाल्या की आयुष्यभर आपण तबल्या जाड ठेवत आलो, फुटू नयेत म्हणून. भीतीने. पुढे त्यांनी ज्या गिटारी केल्या त्या सगळ्यांच्या कडा पातळ आहेत, आणि जाणकार म्हणतात की त्यांचं खरं काम त्या वर्षानंतरचंच. सासऱ्यांनी त्यांना चिडवून पाहिलं, की मग आणखी चार चुका कर. त्या म्हणाल्या, केल्या की सांगेन.

नाव गेलं नाही. वर्षभर काम कमी झालं हे खरं. मग बाहेरगावाहून माणसं येऊ लागली, हातात पेट्या घेऊन. त्यांना ते पत्र माहीत असायचं. त्यांतला एक जण मला म्हणाला की जी बाई न विचारता चूक सांगते तिच्याकडे गिटार सोडून जायला भीती वाटत नाही.

मागच्या वर्षी संगीतशाळेने सासूबाईंना दुरुस्तीचा वर्ग घ्यायला बोलावलं. दर शनिवारी सकाळी, मोठ्या माणसांसाठी. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बारीक काम करताना उजवा हात थरथरतो, म्हणून मी बरोबर असते. पहिल्या दिवशी सहा जण आले: एक निवृत्त नर्स, एक शिंपी, एक नवराबायको, दोन वादक. सगळे वह्या उघडून बसले होते. सासूबाईंनी प्रत्येकासमोर भंगारातली एकेक गिटार ठेवली आणि सांगितलं, घोडी काढा. आधी उघडायला शिका, चिकटवायचं मग बघू.

शिंप्याचा हात सफाईचा, पण त्याला उरकायची घाई. सुरी पुरेशी गरम नसताना त्याने कलती करून जोर दिला आणि घोडी कटकन निघाली, खालच्या लाकडाची बोटभर चिलपी घेऊन. तो कानापर्यंत लाल झाला. गिटार भंगारातलीच होती, पण तरीही.

सासूबाई त्याच्यापाशी गेल्या. त्यांनी ती चिलपी उचलून उजेडात धरली आणि सगळ्यांना दाखवली. असे तुकडे कधी फेकायचे नाहीत, त्या म्हणाल्या. जिथून निघाला तिथेच तो परत बसतो, दुसरा कुठलाही तुकडा इतका नेमका बसणार नाही. त्यांनी शिंप्याकडून पाणी गरम करून घेतलं, सरस वितळवून घेतला, आणि त्याच्याच हातून ती चिलपी जागेवर बसवून घेतली. त्याच्या बोटांवर आपली थरथरणारी बोटं ठेवून त्या दाबून धरत होत्या. शिंप्याने विचारलं, किती वेळ धरायचं. त्या म्हणाल्या, धरा हो, कुठे जायचंय तुम्हाला.

तो वर्ग सुटेपर्यंत तसाच धरून बसला होता.